सी भाषेतील गणिती फंक्शने आणि लिंकरची तक्रार



मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका लहानशा चिपमध्ये सामावलेले संपूर्ण गणकयंत्र होय. शाळाशाळांतील विज्ञान-प्रदर्शनांत हे यंत्र आता पुष्कळ ठिकाणी दिसू लागले आहे. त्यास आज्ञा देण्यासाठी सी ही भाषा फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडविली. ही भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यास वर्गमूळ, ज्या अथवा लघुगणक काढण्याची वेळ आली, की एक अडचण हटकून भेटते. आज्ञावली शुद्ध असते, व्याकरणाचा दोष नसतो, आणि तरीही शेवटच्या पायरीवर यंत्र अडून बसते. ही अडचण का उद्भवते, ती कशी दूर करावी आणि ती दूर करताना कोणता मोह टाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करणार आहोत.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक व्यवहारातील उदाहरण घेऊ. पुष्कळशा लसी २ ते ८ अंश सेल्सिअस ह्या तापमानातच साठवाव्या लागतात. अशा लसींच्या पेटीत तापमान दाखविणारे उपकरण बसवावयाचे आहे, असे समजा. त्यासाठी आपण थर्मिस्टर घेतो. तापमान वाढले की ह्या थर्मिस्टरचा रोध कमी होतो, आणि तापमान उतरले की रोध वाढतो. बाजारात सहज मिळणाऱ्या एका प्रकारात २५ अंशांवर रोध १०,००० ओहम असतो आणि त्याचा स्थिरांक ३९५० असतो. रोधावरून तापमान काढण्याचे सूत्र असे:

१/त = १/२९८.१५ + लॉग(र/१००००)/३९५०

येथे ‘र’ म्हणजे मोजलेला रोध आणि ‘त’ म्हणजे केल्व्हिनमधील तापमान. त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस अंश मिळतात. रोध २७,००० ओहम भरला, तर भागाकार २.७ येतो, २.७ चा नैसर्गिक लघुगणक सुमारे ०.९९३ आहे, आणि गणित पुरे केले की ४.२ अंश हे उत्तर मिळते. पेटी सुरक्षित आहे, असा याचा अर्थ झाला.

आता हे गणित एसटीएम३२ कुळातील एफ१०३सी८ ह्या मायक्रोकंट्रोलरकडून करवून घ्यावयाचे आहे. त्याच्या पोटात आज्ञावलीसाठी ६४ किलोबाइट आणि तात्पुरत्या कामासाठी २० किलोबाइट एवढीच जागा असते. दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा स्वतंत्र विभागही त्यात नसतो. आपण आज्ञावली लिहितो, आरंभी गणिती हेडरचा उल्लेख करतो, सूत्र जसेच्या तसे उतरवितो आणि आर्म चिपसाठी असलेल्या जीसीसी ह्या कंपायलरला ती देतो. तेव्हा पडद्यावर उमटते: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टु लॉग’. ‘लॉग ह्या नावाचा निर्देश आढळतो, परंतु त्याची व्याख्या कोठेच सापडत नाही,’ असा त्याचा भावार्थ आहे.

तक्रार कोणाची?

कोणतीही तक्रार ऐकताना ती कोण करीत आहे, हे प्रथम पाहावे. आपण एकच आज्ञा देतो खरी, परंतु तिच्या पोटी दोन निरनिराळे कामगार काम करीत असतात. पहिला कंपायलर आणि दुसरा लिंकर.

कंपायलर आपली आज्ञावली वाचतो, तिचे व्याकरण तपासतो आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करून एक ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. ‘लॉग’ हा शब्द भेटला, की त्यास एवढेच ठाऊक असावे लागते की हे फंक्शन एक दशांश संख्या घेते आणि एक दशांश संख्या परत देते. ही माहिती हेडरमध्ये असते. प्रत्यक्ष लघुगणक कसा काढावयाचा, ही कृती मात्र हेडरमध्ये नसते. म्हणून कंपायलर त्या ठिकाणी जागा मोकळी सोडतो आणि ‘येथे लॉगचा पत्ता भरावा’ अशी खूण करून ठेवतो.

लिंकरचे काम त्यानंतरचे. सर्व ऑब्जेक्ट फाइली एकत्र आणणे, प्रत्येक फंक्शनला स्मृतीतील जागा नेमून देणे आणि मोकळ्या सोडलेल्या ठिकाणी खरे पत्ते भरणे, हे तो करतो. लॉगचा पत्ता भरण्यासाठी त्यास लॉगची कृती हाती लागली पाहिजे. ती न लागल्यास तो वरील तक्रार नोंदवून थांबतो.

हेडर म्हणजे केवळ लग्नपत्रिका. आणि पत्रिका घरात आली म्हणजे पाहुणा आला असे होत नाही. ‘आम्ही गणिती हेडर लिहिले आहे, मग लॉग सापडत कसा नाही?’ ह्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर ह्या एका भेदात आहे. हेडर कंपायलरचे समाधान करते, आणि लिंकरला लायब्ररी हवी असते.

पाणी आडात आहे, पोहरा सोडावयाचा आहे

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथील प्रकार मात्र उलट आहे. आडात पाणी भरपूर आहे; पोहराच कोणी सोडलेला नाही.

लॉग, ज्या, कोज्या, वर्गमूळ इत्यादी फंक्शने एका स्वतंत्र संग्रहात ठेवलेली असतात. त्या फाइलीचे नाव ‘लिबएम’ आणि तिचा प्रत्यय ‘ए’. युनिक्स प्रणालीच्या परंपरेत गणिती फंक्शने सर्वसाधारण लायब्ररीपासून वेगळी ठेवण्याची पद्धत पडली, ती आजही पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. सर्वसाधारण लायब्ररी आपोआप जोडली जाते. गणिती लायब्ररी मात्र नाव घेऊन मागावी लागते.

मागण्याची रीत सोपी आहे. लायब्ररी मागताना प्रथम एक आडवी छोटी रेघ, तिला लागून इंग्रजी लहान लिपीतील ‘एल’ हे अक्षर, आणि त्यापुढे लायब्ररीच्या नावातील ‘लिब’ वगळून उरलेला भाग लिहावयाचा. ‘लिबएम’मधून ‘लिब’ गेले की ‘एम’ उरतो. म्हणून रेघ, एल आणि एम ही तीन चिन्हे मधे जागा न सोडता जोडण्याच्या आज्ञेच्या शेवटी लिहिली, की तक्रार मिटते.

‘शेवटी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लिंकर आज्ञेतील फाइली डावीकडून उजवीकडे क्रमाने पाहतो. लायब्ररीपाशी आला, की त्या क्षणापर्यंत ज्या नावांचे पत्ते हवे आहेत, तेवढीच फंक्शने तो तिच्यातून उचलतो आणि पुढे जातो. लायब्ररी आधी आणि आपली फाइल नंतर असा क्रम असेल, तर लायब्ररीपाशी असताना त्याच्या यादीत लॉग नसतोच. यादी करण्याआधीच दुकानात जाऊन आलेल्या माणसाची पिशवी जशी रिकामी, तशी त्याची गत होते. लायब्ररीचे नाव लिहूनही तक्रार कायम राहिली, तर प्रथम हा क्रम तपासावा.

ह्याच नियमामुळे आणखी एक भीती निराधार ठरते. ‘६४ किलोबाइटच्या जागेत सारी गणिती लायब्ररी कशी मावेल?’ असे कोणी विचारील. परंतु लिंकर संपूर्ण संग्रह उचलत नाही. लॉग आणि लॉगला लागणारे भाग तेवढे तो घेतो; ज्या-कोज्या मागितल्या नसतील, तर त्या जागच्या जागी राहतात.

दोन कोडी आणि त्यांची उत्तरे

प्रयोग करताना विद्यार्थ्यांस दोन गोष्टी चमत्कारिक वाटतात. पहिली अशी, की लॉगच्या कंसात २.७ ही संख्या थेट लिहिली तर लायब्ररी न मागताही सारे सुरळीत होते; आणि तेथे मोजलेला रोध वापरला की तक्रार सुरू होते. ह्याचे कारण असे, की पुष्कळ कंपायलर स्थिर संख्येचा लघुगणक स्वतःच काढून तयार उत्तर लिहून ठेवतात. मग लॉगला हाक मारण्याची गरज उरत नाही. मोजलेला रोध मात्र उपकरण चालू झाल्यावरच कळणार. त्यासाठी खरे फंक्शन सोबत नेलेच पाहिजे.

दुसरे कोडे असे, की दशांश अपूर्णांकांचा भागाकार लायब्ररी न मागता कसा होतो? ह्या मायक्रोकंट्रोलरला तोही स्वतः येत नाही. परंतु बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार ह्या मूळ क्रियांच्या कृती कंपायलरच्या स्वतःच्या साहाय्यक लायब्ररीत असतात, आणि ती नेहमीच आपोआप जोडली जाते.

आर्डुइनोसारख्या शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केलेल्या प्रणालींत गणिती लायब्ररीची मागणी पडद्याआड आधीच करून ठेवलेली असते. म्हणून तेथे ही अडचण सहसा भासत नाही. ते बोट सोडून विद्यार्थी स्वतः आज्ञा लिहू लागतो, तेव्हा ती प्रथमच सामोरी येते.

एक घातक उपाय

आता आम्ही ज्या गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, तिच्याकडे वळू. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेले असते, तक्रार हटत नाही, आणि कोणी तरी सुचवितो, ‘लिंकरला लॉग नावाचे फंक्शन हवे आहे ना? मग त्या नावाचे एक फंक्शन आपणच लिहून टाकू. आत गेलेली संख्या तशीच बाहेर येऊ दे. पुढचे पुढे पाहू.’ ह्या उपायाने तक्रार तत्काळ नाहीशी होते. लिंकर नावे जुळवितो. फंक्शनच्या पोटातील गणित खरे की खोटे, हे तो पाहत नाही आणि पाहू शकतही नाही.

ह्याचा परिणाम काय होतो, हे सूत्रात संख्या घालून पाहा. पेटीचा वीजपुरवठा बंद पडला आणि आतील तापमान २५ अंशांवर गेले, असे समजा. थर्मिस्टरचा रोध तेव्हा १०,००० ओहम असेल आणि भागाकार १ येईल. १ चा खरा लघुगणक शून्य आहे. म्हणून खरे उत्तर २५ अंश. परंतु खोटे फंक्शन १ घेऊन १ च परत देईल. मग १/२९८.१५ मध्ये १/३९५० मिळविला जाईल, आणि उपकरण दाखवील ४.१ अंश! लस खराब होत असताना पेटीवरील आकडा ‘सारे क्षेम आहे’ असे सांगत राहील. त्या लसीवर विसंबून आपल्या बाळाला दवाखान्यात नेणाऱ्या आईला ह्यातील काहीच कळणार नाही.

लिंकर अडून बसला होता, तेव्हा उपकरण नुसते बंद होते. त्याचे तोंड बंद केल्यावर ते खोटे बोलू लागले. बंद उपकरणाकडे माणूस संशयाने पाहतो. चालू उपकरणावर तो विश्वास टाकतो. म्हणून तक्रार नाहीशी होणे आणि दोष नाहीसा होणे, ह्या दोन गोष्टी एक समजू नयेत.

ह्याच जातीची आणखी एक चूक शाळेतील सवयीमुळे होते. आपल्या वर्गातील लॉगची कोष्टके १० ह्या पायाची असतात. सी भाषेत मात्र ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लघुगणक. १० ह्या पायाचा लघुगणक हवा असल्यास ‘लॉग१०’ असे निराळे फंक्शन आहे. वरील सूत्रात चुकून लॉग१० वापरले, तर २७,००० ओहम रोधाला ४.२ ऐवजी १५.६ अंश असे उत्तर येईल. दोन्ही फंक्शने एकाच लायब्ररीत असल्याने लिंकर ह्यावर अवाक्षरही काढणार नाही.

हेडर न लिहिण्याची सवयही अशीच टाळावी. १९८९ च्या प्रमाण सी भाषेत, घोषित न केलेले फंक्शन पूर्णांक परत देते असे गृहीत धरण्याची मुभा होती; त्यामुळे दशांश उत्तराचा विपर्यास होण्याचा संभव असे. १९९९ च्या प्रमाणाने ही मुभा काढून घेतली. जीसीसीच्या २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीपासून अशी आज्ञावली मुळातच नाकारली जाते.

तक्रारींचे इतर प्रकार

लिंकरची प्रत्येक तक्रार एकच नसते. तिचे शब्द वाचून उपाय ठरवावा.

एक: नाव सापडत नाही अशी तक्रार असून लायब्ररी योग्य जागी मागितलेली असेल, तर नावाची अक्षरे पाहावीत. सी भाषेत इंग्रजी मोठ्या आणि लहान लिपीतील अक्षरे भिन्न मानली जातात. मोठ्या अक्षराने आरंभ केलेला लॉग हा निराळाच शब्द ठरतो.

दोन: खुद्द लायब्ररीच सापडत नाही, असे लिंकर म्हणत असेल, तर त्यास लायब्ररीच्या कपाटाची वाट ठाऊक नाही. लिंकरला स्वतंत्रपणे हाक मारल्याने पुष्कळदा असे होते. जोडण्याचे कामही जीसीसीच्याच हाती सोपवावे. कोणत्या चिपसाठी कोणते कपाट उघडावयाचे, हे त्यास ठाऊक असते.

तीन: कॉर्टेक्स-एम४ जातीच्या काही चिपांत दशांश गणिताचा स्वतंत्र विभाग असतो. एक फाइल त्या विभागामार्फत संख्या पाठविणारी आणि दुसरी साध्या मार्गाने पाठविणारी अशी भेसळ झाली, तर लिंकर दोघींना एकत्र नांदू देत नाही. सर्व फाइलींना कंपायल करताना आणि जोडताना सारखेच पर्याय द्यावेत, हा त्यावरील उपाय.

जागेची आणि वेळेची काटकसर हवी असल्यास ‘लॉगएफ’ हे लहान भावंड वापरता येते. ते ३२ बिटांच्या संख्येवर काम करते, तर लॉग ६४ बिटांच्या. तापमापकाला लहानाची अचूकता पुरेशी आहे. मात्र तेही त्याच लायब्ररीत राहते. म्हणून मागणी ही करावीच लागते.

लघुगणकावाचून गणित

काही वेळा फंक्शन मुळीच न वापरणे हा उत्तम मार्ग ठरतो. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात ज्यांच्या २४ फरकांचे कोष्टक दिले आहे. प्रत्येक वेळी नव्याने गणित न करता कोष्टकातील दोन उत्तरांमधील उत्तर प्रमाणाने काढावे, ही रीत लहान यंत्राला फार मानवते.

आपल्या थर्मिस्टरसाठी सूत्रावरून आधीच काढलेले रोध असे आहेत: ० अंशांवर सुमारे ३३,६०० ओहम, ५ अंशांवर २५,९०० ओहम आणि १० अंशांवर २०,२०० ओहम. मोजलेला रोध २७,००० असेल, तर तो पहिल्या दोहोंच्या मधे येतो. ३३,६०० मधून २७,००० गेले, उरले ६,६००. दोहोंतील अंतर ७,७००. म्हणून ६,६०० ला ५ ने गुणून ७,७०० ने भागले की ४.३ अंश मिळतात. सूत्राने ४.२ आले होते. एवढा फरक ह्या कामात चालण्यासारखा आहे. आणि येथे लघुगणक नाही, गणिती लायब्ररी नाही, दशांश अपूर्णांकही टाळता येतात.

शेवटची परीक्षा

लिंकर संतुष्ट झाला म्हणजे काम संपले असे मानू नये. थर्मिस्टर काढून त्याच्या जागी १०,००० ओहमचा साधा रोधक लावावा. उपकरणाने २५ च्या अगदी जवळचा आकडा दाखविला पाहिजे. खोटे फंक्शन आत असेल, तर येथे ४.१ दिसून ते तत्काळ उघडकीस येईल. त्यानंतर २७,००० ओहमचा रोधक लावून ४.२ च्या आसपास आकडा येतो का, ते पाहावे. लॉग आणि लॉग१० यांची अदलाबदल ह्या दुसऱ्या परीक्षेत सापडते, पहिलीत सापडत नाही, कारण १ चा लघुगणक दोन्ही पायांवर शून्यच असतो. चार आण्यांची वस्तू, पाच मिनिटांचे काम. परंतु त्याने उपकरणाच्या शब्दाला वजन येते.

सारांश, तक्रार वाचावी, ती कोणाची हे ओळखावे, हवी ती लायब्ररी शेवटी मागावी आणि उत्तर माहीत असलेल्या प्रश्नाने यंत्राची परीक्षा घ्यावी. यंत्र आपल्याला अडविते तेव्हा ते बहुधा खरेच बोलत असते. त्याचे म्हणणे समजून घेण्याचा धीर ज्याच्या अंगी आला, तो ह्या विद्येत मागे राहणार नाही.

स्वाध्याय

१. वरील कोष्टकावरून २३,००० ओहम रोधाचे तापमान काढा. पेटी सुरक्षित आहे काय? (उत्तर: सुमारे ७.५ अंश, सुरक्षित आहे, परंतु मर्यादेच्या जवळ.)

२. आज्ञेत गणिती लायब्ररी प्रथम आणि आपली फाइल नंतर लिहिली, तर कोणती तक्रार येईल व का?

३. वर्गमूळाचे फंक्शन न वापरता, दोन बिंदूंमधील अंतर १० पेक्षा अधिक आहे की नाही हे कसे ठरवाल? (सूचना: अंतराचा वर्ग आणि १०० यांची तुलना करून पाहा.)